चुंगडी

माझ्या भावाच्या घरी, धान्याच्या कोठीशेजारी, खुंटीला एक चुंगडी टांगलेली असते. कधीकाळी ती पांढरीशुभ्र होती, आता जुन्या धोतरासारखी पिवळट पडली आहे. पोटावर हिरव्या अक्षरांत कुठल्याशा साखर कारखान्याचं नाव होतं. त्यातलं 'साखर' आणि '५० किलो' एवढंच आज वाचता येतं. त्याखाली ठसठशीत निळ्या अक्षरांत माझ्या पुतण्याचं नाव आणि शेजारी 'चाकण'. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेल्या रंगात काडीला चिंधी गुंडाळून भावानं ही अक्षरं लिहिली. पुतण्या कामासाठी पुण्याजवळच्या चाकणला गेल्यापासून भाऊ स्वतः एकदाही तिकडे गेला नाही. चुंगडी चौदा वेळा जाऊन आली.

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या केळापूर तालुक्यात चुंगडी म्हणजे काय हे कुणाला सांगावं लागत नाही. इतरांसाठी सांगतो. तागाचं असतं ते पोतं. प्लॅस्टिकच्या चपट्या दोऱ्यांनी विणलेली, हलकी, पाण्याला दाद न देणारी, हात लावला की सळसळणारी असते ती चुंगडी. तालुक्याच्या गावी, पांढरकवड्याच्या बाजारात, किराणा दुकानाच्या मागच्या बाजूला तिच्या चळती लागलेल्या असतात. दहा-पंधरा रुपयांत मिळते. दुकानदाराच्या हिशेबात तिचं काम संपलेलं असतं. खरं तर ते तिथून सुरू होतं.

चुंगड्यांमध्येही कुळं असतात. खताची चुंगडी शेतातली. कितीही धुतली तरी तिचा वास जात नाही, म्हणून ती घरात येत नाही. बांधावर, गोठ्यात, गळक्या छपरावर तिचा संसार. पावसात सापडलेला माणूस तिचा एक कोपरा दुसऱ्यात खोचतो आणि डोक्यावर खोळ करून घरी येतो. ढेपीची चुंगडी गुराढोरांची. तिच्या अंगाला सरकीचं तेल लागलेलं, म्हणून उंदीर तिच्या मागे. न्हाणीला आडोसा हवा, तूर वाळवायला अंथरूण हवं, वेचलेला कापूस भरून ठेवायचा, तर अशा चार चुंगड्या उसवून दाभणानं एकत्र शिवतात. साखरेची किंवा तांदळाची चुंगडी मात्र घरातली. तिच्यात माणसाच्या तोंडी जाणारी वस्तू होती, म्हणून पुढेही तीच भरायची. आमच्या मायचा हा नियम कडक होता. ज्या चुंगडीत औषध किंवा खत आलं, तिच्यात दाणा पडू द्यायचा नाही. शिकलेल्या माणसानं लिहून ठेवावा असा तो नियम, आणि तो सांगणारी बाई शाळेची पायरी चढली नव्हती.

ही चुंगडी त्या घरातल्या कुळातली. उसाच्या मुलखातून साखर घेऊन ती आमच्या कापसाच्या मुलखात आली आणि परतीच्या वाटेवर डाळ घेऊन गेली. बैठ्या अंगाची, तोंड घट्ट मिटलेली. तिला कुठंही ठेवा, कोपरा धरून बसते. आदळा, ओढा, तिच्यावर बसा, कुरकुर करत नाही. पण उघडली की घरभर तिचा वास पसरतो. आधी तुरीच्या डाळीचा, मग जवसाच्या चटणीचा, मग तिखटाचा. चाकणच्या खोलीत, दहा बाय बाराच्या जागेत, ती पहिल्यांदा उघडली तेव्हा पुतण्यानं मला फोन केला होता. बोलला काहीच नाही. थोड्या वेळानं एवढंच म्हणाला, "काका, घरचा वास येऊन राह्यला."

तो गेला २०१८ मध्ये. त्याच्या आदल्या वर्षीचा हंगाम आमच्या भागातल्या कुणीही विसरलेला नाही. कपाशीची बोंडं वरून भरलेली दिसत होती, फोडली की आत गुलाबी अळी. त्याच पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकऱ्यांना आणि मजुरांना विषबाधा झाली. वीसहून अधिक माणसं दगावली. भाऊ वाचला, पण दोन दिवस त्याचे डोळे सुजलेले होते आणि उलट्या थांबत नव्हत्या. पोरगा आयटीआयला फिटरचा ट्रेड करून घरी बसला होता. त्या दोन रात्री तो बापाच्या उशाशी बसून राहिला आणि तिसऱ्या दिवशी म्हणाला, "मी जातो." कुणी अडवलं नाही.

जायचा दिवस ठरला तेव्हा वहिनी उठली आणि डाळ निवडायला बसली.

आमच्याकडे कपाशीच्या काही ओळींमागे तुरीचं एक तास असतं. कापूस विकायचा, तूर राखायची, ही जुनी रीत. कापूस घराला पैसा दाखवतो आणि सावकार, बँक, कृषी केंद्र यांच्याकडे निघून जातो. तूर घरात राहते. पूर्वी ती रात्रभर भिजवायची, उन्हात वाळवायची, जात्यावर भरडायची, सुपानं पाखडायची. डाळ वेगळी, चुरी वेगळी, टरफलं गुरांना. आता अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं तयार केलेल्या मिनी दाल मिल खेड्यापाड्यांत आल्या आहेत आणि बायांच्या हातांचे फोड कमी झाले आहेत. तरी निवडणं, वाळवणं, कडुनिंबाचा पाला घालून ठेवणं हे त्यांच्याच हाती. चुंगडीत पडलेली प्रत्येक डाळ कुणातरी बाईच्या बोटांखालून गेलेली असते.

चुंगडी भरण्याचं एक शास्त्र आहे. तळाशी गहू, म्हणजे ती नीट बसते. त्यावर डाळ, कापडी पिशवीत बांधून. मग ज्वारीचं पीठ थोडंच, कारण ते लवकर कडू होतं. मधल्या पोकळीत चटणीच्या बरण्या, तिखटाची पुडी, हळद, सरगुंडे, वाळवलेली अंबाडी. सगळ्यात वर एक जुनं लुगडं, घडी करून. ते पांघरायलाही होतं आणि बरण्या फुटू देत नाही. कडेला केळापूरच्या जगदंबेच्या अंगाऱ्याची पुडी. मग सुतळी आणि दाभण. वहिनी दाताखाली सुतळीचं टोक धरून तोंड शिवत होती, तेव्हा तिचं बोलणं बंद होतं. मला वाटतं, तिला ते बरंच वाटत असावं.

डाळीच्या पिशवीत, अगदी मध्यभागी, पाचशेची एक नोट होती. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. महिन्याभरानं डाळ निम्मी झाली तेव्हा ती नोट पोराच्या हाताला लागली. वहिनीचा अंदाज बरोबर निघाला. डाळ निम्मी व्हायला लागली तोपर्यंत त्याच्या खिशातले पैसे संपले होते.

पांढरकवड्याहून चाकण साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास. यवतमाळ, कारंजा, मेहकर, जालना, आणि उजाडल्यावर पुण्याकडचा रस्ता. चुंगडी ट्रॅव्हल्सच्या डिकीत, पोरगा वरच्या सीटवर. डिकीचं दार बंद करताना क्लीनर म्हणाला, "काय भरलं बे यात?" पोरगा म्हणाला, "सामान." घरच्या माणसांचं नाव असं बाहेर परक्यासमोर कुणी सांगत नाही.

चाकणला आमच्या गावचा एक मुलगा आधीपासून होता. त्याच्या खोलीत पाच जण राहत होते, हा सहावा. त्या खोलीत जागा मिळते ती ओळखीनं, आणि टिकते ती चुंगडीनं. कोपऱ्यात आधीच चार चुंगड्या बसलेल्या होत्या. बीडच्या पोराची ज्वारी, हिंगोलीच्या पोराची हळद, लातूरकडच्याची हरभऱ्याची डाळ, जळगावच्याचे उडदाचे पापड. प्रत्येकीवर वेगळ्या कंपनीचं नाव आणि वेगळ्या बापाचं अक्षर. आमची पाचवी. त्या सहा पोरांपैकी दोन-तीन जणांना कोणत्याही महिन्यात काम नसायचं. पण खोलीत चूल पेटली नाही असा दिवस नव्हता. ज्याला पगार झाला त्यानं भाडं आणि गॅस पाहायचा, ज्याला नाही त्यानं चुंगडी उघडायची. लिहिलेला करार नव्हता, भांडण झाल्याचं मी ऐकलं नाही.

पहिले तीन महिने पुतण्या गेटागेटावर फिरला. सकाळी आठला कागदांची फाइल घेऊन निघायचं, सुरक्षा रक्षकाच्या खिडकीपाशी रांगेत उभं राहायचं, 'सोमवारी या' ऐकायचं. सोमवारी 'गुरुवारी या'. लेबर कॉन्ट्रॅक्टरच्या ऑफिसात नाव लिहून घ्यायचे आणि फोन यायचा नाही. चौथ्या महिन्यात काम लागलं, कंत्राटी, बारा तासांचं, हातात पडायचे दहा हजार. त्याच्या वाट्याचं भाडं, बस, मोबाइल आणि औषधपाणी वजा केलं की उरायचं ते दोन वेळच्या मेसला पुरलं नसतं. मेस त्यानं कधी लावलीच नाही.

या ठिकाणी मला चुंगडीच्या वतीनं एक हिशेब मांडायचा आहे. २०१९ मध्ये केंद्र सरकारनं शिकाऊ उमेदवारांच्या विद्यावेतनाचे दर सुधारले. किमान रक्कम शिक्षणानुसार महिना ५ ते ९ हजार रुपये ठरली. २०२४ मध्ये राज्य सरकारनं युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, तिच्यात आयटीआय झालेल्याला महिना ८ हजार. दोन्ही योजना पोरांच्या उपयोगाच्या, मी त्यांना नावं ठेवत नाही. पण घरापासून शेकडो किलोमीटर दूर, भाड्याच्या खोलीत, वीस वर्षांचं पोर ८ हजारांत महिना काढतं, ते कसं? उरलेली रक्कम कुणीतरी भरतंच. ती केळापूरचा, पाथर्डीचा, औंढ्याचा, जळकोटचा शेतकरी भरतो. २०२४-२५ ला तुरीचा हमीभाव होता क्विंटलला ७,५५० रुपये, म्हणजे किलोला साडेपंचाहत्तर. त्याच वर्षी शहरातल्या दुकानात तुरीची डाळ दीडशेच्या वर होती. जो शेतकरी स्वतः कर्जात आहे, तो ही डाळ पदरमोड करून कारखान्याच्या दारी पोचवतो. कारखान्याला स्वस्तात मिळालेला कामगार निम्मा शेतीनं पोसलेला असतो. कुठल्याही ताळेबंदात ही नोंद सापडत नाही. सापडते ती खोलीच्या कोपऱ्यात, शिवलेल्या तोंडाची.

हे चाकणनं सुरू केलेलं नाही. मुंबईच्या गिरण्या भरात होत्या तेव्हा कोकणातून आणि घाटावरून आलेला माणूस गाववाल्यांच्या खोलीत पथारी टाकायचा, बदली कामगार म्हणून गिरणीच्या दारात उभा राहायचा. नोकरी कायम होईपर्यंत त्याला भाऊबंद सांभाळायचे. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, तेव्हा कितीतरी जण गावी परतले आणि गावच्या तांदळा-नाचणीवर तगले. जी माणसं वर्षानुवर्षं मनीऑर्डर पाठवत होती, त्यांना गावानं परत जेवू घातलं.

आणखी मागं गेलो तर आमच्याच कापसाचा धागा सापडतो. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस थांबला आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांनी विदर्भाकडे डोळे लावले. हिंगणघाटसारख्या बाजारपेठांत बैलगाड्यांच्या रांगा लागल्या. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली ती याच पांढऱ्या मालाच्या ओढीनं. तो कापूस ज्या गिरण्यांत जायचा, तिथं यंत्रांपुढे उभ्या असलेल्या माणसांत आयर्लंडमधून आलेली माणसं पुष्कळ होती. १८४५ मध्ये त्यांच्या देशात बटाट्यावर रोग पडला. गरीब माणूस जगत होता तो त्या एकाच पिकावर. पुढच्या सहा-सात वर्षांत सुमारे दहा लाख माणसं भुकेनं आणि रोगराईनं मेली, तितकीच देश सोडून गेली. एका पिकावर जुगार लावलेल्या मुलखाचं काय होतं, हे आम्हाला बोंडअळीच्या वर्षी कुणी समजावून सांगायला नको होतं.

त्या आयरिश माणसांची एक रीत वाचली आणि मला आमची चुंगडी आठवली. अमेरिकेला आधी पोचलेली बहीण किंवा भाऊ घरी पत्र पाठवायचा. त्यात पैसे असायचे, कधी पुढच्या भावंडासाठी जहाजाचं तिकीट असायचं. 'अमेरिकेचं पत्र' असंच त्याला म्हणत. एकानं जायचं, दुसऱ्याला ओढून घ्यायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. काम मिळायचं तेही असंच, आधी पोचलेल्या चुलत्या-मामाच्या शब्दावर. त्या पत्रातून बळ बाहेरून घरी यायचं. आमच्याकडे पहिली काही वर्षं ते घरून बाहेर जातं. दिशा वेगळी, पण परमुलखात पहिलं पाऊल टेकताना पायाखाली घरच्या माणसाचा तळहात असतो, हे दोन्हीकडे सारखंच.

मी स्वतः हे अनुभवलं आहे. १९८९ मध्ये मी कामाच्या शोधात नागपूरला आत्याकडे गेलो. तेव्हा प्लॅस्टिकची चुंगडी इतकी रुळली नव्हती. मायनं तागाच्या पोत्यात डाळ आणि तांदूळ भरून दिले. मला लाज वाटत होती. शहरात पोतं खांद्यावर घेऊन जायचं, लोक काय म्हणतील! माय म्हणाली, "तुह्या आत्याचा नवरा चांगला माणूस आहे. पण दोन महिन्यांनी त्याले तुह्या भाकरी मोजाव्या लागू नयेत." त्या वेळी बोलणं टोचलं. पुढं आठ महिने मी आत्याकडे राहिलो. छापखान्यात काम लागेपर्यंत एक पैसा दिला नाही. पण दुसरी भाकर मागताना माझी मान कधी खाली गेली नाही, आणि आत्याच्या नवऱ्याच्या कपाळाला कधी आठी पडली नाही. पोत्यानं आम्हा दोघांचीही अब्रू राखली. मदत घेणाऱ्याला मिंधं न करणारी मदत फार थोड्यांना जमते. मायला ती जमत होती.

चुंगडीचं सगळ्यात मोठं दर्शन मला घडलं ते २०२० च्या उन्हाळ्यात. पांढरकवड्यावरून जाणारा रस्ता म्हणजे पूर्वीचा सात नंबरचा, आताचा चव्वेचाळीस नंबरचा राष्ट्रीय महामार्ग, श्रीनगर ते कन्याकुमारी. मार्चच्या शेवटी कोरोनामुळे देश बंद झाला आणि थोड्याच दिवसांत हैदराबादकडून माणसं चालत येऊ लागली. पैनगंगेचा पूल ओलांडून, पाटणबोरीवरून, पांढरकवड्यावरून नागपूरच्या दिशेनं. कुणाला मध्य प्रदेशात जायचं, कुणाला उत्तर प्रदेशात, कुणाला आणखी पुढं. बहुतेकांच्या डोक्यावर किंवा खांद्यावर चुंगडी. तिच्यात भांडी, अंथरूण, पोरांचे कपडे. कडेवर पोर आणि डोक्यावर चुंगडी घेतलेल्या बाया सरळ रेषेत चालत होत्या. आम्ही गावातल्या काही जणांनी रस्त्याच्या कडेला पाण्याचे माठ आणि भात-वरण ठेवलं. एक म्हातारा जेवून उठला, चुंगडीवर हात ठेवून म्हणाला, "घर इसी में है, बेटा." ती उचलून त्याच्या डोक्यावर देताना कळलं, तिचं वजन दहा किलोही नव्हतं.

त्याच दिवसांत आमचा पुतण्याही अडकून पडला. काम बंद, पगार बंद, बस बंद. खोलीतल्या पाच चुंगड्या एकेक करून तळाला लागल्या. शेवटचे बारा दिवस त्यांनी आमच्या डाळीवर आणि बीडच्या ज्वारीवर काढले. मे महिन्यात तो कसाबसा घरी पोचला तेव्हा रिकामी चुंगडी घडी करून त्याच्या पाठीवरच्या पिशवीत होती. मी विचारलं, ही कशाला आणली? तो म्हणाला, "परत जायचं आहे ना."

पण चुंगडीचं गुणगान करताना एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. सगळ्यांच्या चुंगडीत डाळ नसते. आमच्या तालुक्यात गोंड, परधान, कोलाम समाजाची मोठी वस्ती आहे. तालुक्यातली कितीतरी गावं अनुसूचित क्षेत्रात येतात, आदिवासी विकासाचं प्रकल्प कार्यालय पांढरकवड्यालाच आहे. महाराष्ट्रातल्या ज्या तीन जमाती सर्वांत असुरक्षित म्हणून नोंदलेल्या आहेत, त्यांतली एक कोलाम. दुसऱ्या दोन कातकरी आणि माडिया. कोलामांच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, ज्याच्याकडे शेतीचा तुकडाच नाही, किंवा आहे तो रानडुकरांनी आणि रोह्यांनी रात्रीत साफ केला, त्या घराच्या मागे कोण उभं राहणार? तिथला पोरगा एकटा चाकणला जाऊच शकत नाही, कारण काम मिळेपर्यंतचे तीन महिने त्याला कोण खाऊ घालणार! विदर्भातली माणसं टोळ्या करून तेलंगणात मिरची तोडायला जातात, तेव्हा आख्खं घर जातं. त्यांच्या चुंगडीत रिकामी भांडी असतात. जाताना हलकी, येताना थोडी जड, एवढाच तिचा अर्थशास्त्राचा धडा. आयटीआयचं प्रमाणपत्र दोघांकडे सारखं असलं तरी नोकरी त्याला लागते, ज्याच्या मागे चार महिन्यांची डाळ आहे. म्हणून मला वाटतं, गावाकडून शहरात काम शोधायला जाणाऱ्या गरीब पोरांना पहिले सहा महिने स्वस्त वसतिगृह आणि दोन वेळचं जेवण सरकारनं द्यावं. ज्याच्या घरी चुंगडी भरणारं कुणी नाही, त्याची चुंगडी समाजानं भरावी.

आता पुतण्याचं बरं चाललं आहे. २०२२ मध्ये तो कायम झाला. नंतर त्यानं गावातल्या दोन पोरांना खोलीवर नेलं, एकाला काम लावून दिलं. चुंगडी मात्र जातच राहिली. त्याला आता डाळ विकत घेता येते. वहिनीला ते पटत नाही. "दुकानातली डाळ शिजते का लवकर?" एवढंच म्हणते आणि दाभण शोधू लागते.

घरातलं भांडं रिकामं परत करू नये, ही आपल्याकडची जुनी शिकवण. शेजारणीनं वाटीत भाजी दिली तर वाटीत काहीतरी घालूनच ती परत जाते, साखरेचे चार दाणे का होईना. पोरगा पहिल्या दिवाळीला आला तेव्हा चुंगडी रिकामी आणली होती. त्याची त्याला इतकी लाज वाटली की ती त्यानं गुपचूप गोठ्यात नेऊन ठेवली. वहिनीनं ती शोधून काढली, धुतली, उलटी करून कुंपणावर वाळत घातली. बोलली काही नाही.

२०२३ च्या दिवाळीला तो आला तेव्हा चुंगडीचं तोंड सुतळीनं शिवलेलं होतं. टाके वाकडेतिकडे, पण घट्ट. भावानं स्वतः उसवलं. आतून निघालं ते असं: जागलीला जाताना लागणारी मोठी बॅटरी, आईसाठी गुडघ्याचे पट्टे, आणि फवारणीच्या वेळी घालायचा चांगल्या प्रतीचा मास्क, चष्मा, कोपरापर्यंतचे हातमोजे. सोबत कागदावर पोरानं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की मास्कची जाळी किती फवारण्यांनंतर बदलायची. भावानं मास्क तोंडाला लावून पाहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते आम्हाला चष्म्याआडूनही दिसलं.

त्या दिवसापासून चुंगडीला खुंटी मिळाली. पूर्वी ती इतर चुंगड्यांत, कोठीमागे घडी होऊन पडायची.

वाचक हो, तुमच्यापैकी कितीतरी जण असेच कुणाच्या तरी चुंगडीवर उभे राहिले असतील. कुणाची पोत्यातली बाजरी असेल, कुणाच्या पिशवीत तांदूळ-कुळीथ, कुणासाठी एसटीच्या टपावरून आलेला डबा. आज पगार तुमच्या नावावर जमा होतो. तो सुरू होईपर्यंत तुम्हाला ज्यांनी तगवलं, त्यांची नावं कुठल्याच हजेरीपटावर नाहीत. एकदा बसून ती लिहून काढा. आणि घरी जाल तेव्हा चुंगडी रिकामी नेऊ नका.